दुधी कोणाला लागू पडला?

कारभारी साळव्यांना मधुमेह होता आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता. लग्नात जिलेबी समोर आली की ते हात असा आडवा करत, की वाढणाऱ्यालाच अपराधी वाटावं. मात्र जिलेबीच्या खात्यात वाचलेलं सगळं भजीच्या खात्यात बिनबोभाट खर्ची पडे. त्यामुळे डॉ. भाग्यश्रींनी साखरेचा रिपोर्ट बाजूला सारून कोलेस्टेरॉलचा उचलला, तेव्हा त्यांना तो सरळसरळ विश्वासघात वाटला.

"मॅडम, साखर कंट्रोलमध्ये हाय ना? मग हृदयाचं मधेच कुठून काढलं?"

"तुम्ही एकलहऱ्याला पॉवर स्टेशनात ना? पाइपात क्षार साचला तर पंपाचं काय होतं?"

"लोड येतो. लय दिवस दुर्लक्ष केलं तर पंप बसतो."

"तुमचा तर बदलूनही मिळायचा नाही. मधुमेहात हृदयावर आधीच ताण, त्यात ही चरबी. जिना चढताना धाप लागते? पायांवर सूज?"

"नाय," कारभारी म्हणाले.

"लागते," शेजारून त्यांची बायको सिंधुबाई म्हणाल्या. "आणि संध्याकाळी चपलेचे पट्टे पायात रुतलेले असतात."

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तेल-तूप तोडायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी डब्यात दुधी आला. उकडलेला, पांढरट, कुणाशी वैर नसलेला. कारभाऱ्यांनी झाकण उघडलं आणि लगेच लावलं.

समोर त्यांचे शिफ्टचे जोडीदार निसारभाई शेख बसले होते. त्यांनाही मधुमेह, डॉक्टरही त्याच, सल्लाही तोच. पण निसारभाईंनी तो घरी सांगितलाच नव्हता. "अमिनाला कसं सांगू? म्हणेल, इतक्या वर्षांनी माझ्या हातचं जड व्हायला लागलं का? तिच्या हिशेबात तेल कमी म्हणजे माया कमी."

कारभाऱ्यांनी दुधी पुढे सरकवला. निसारभाईंनी तर्रीदार खिमा पुढे सरकवला. दोघांचाही प्रश्न सुटला आणि कुणाच्याही बायकोचं मन दुखावलं नाही. इतका स्वच्छ व्यवहार आपण आयुष्यात केला नाही, असं कारभाऱ्यांना वाटलं.

पुढचा रिपोर्ट आला, कारभाऱ्यांचं कोलेस्टेरॉल जागचं हललं नव्हतं. सिंधुबाईंनी फोडणीच बंद केली. त्या बेफोडणीच्या दुधीवर निसारभाई सडपातळ झाले. नवरा वाळतोय हे बघून अमिनाने सालनात तूप वाढवलं. ते तूप कारभाऱ्यांच्या पोटात गेलं. मग सिंधुबाईंनी दाण्याचं कूटही काढून घेतलं. निसारभाईंचा पट्टा आणखी आवळला गेला आणि अमिनाने मटणात काजू वाटून घातले.

इकडे कारभारी बॉयलरच्या जिन्यावर मधेच थांबून खिशातला मोबाईल बघू लागले. मोबाईल बंद असायचा. एकदा कठडा धरून उभे असताना त्यांना खरंच भीती वाटली. पण दुपारी डबा उघडला आणि वास आला, तशी ती निघून गेली.

पुढच्या तपासणीला दवाखान्यात निसारभाई आधीच बसलेले. डॉक्टर दारातूनच म्हणाल्या, "शाब्बास, निसारभाई! असं पथ्य पाळावं." कारभाऱ्यांच्या रिपोर्टवर मात्र त्यांनी कपाळाला हात लावला. "हृदयाची सोनोग्राफी करून घ्या. हे असंच चाललं तर मला काळजी वाटते."

सिंधुबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या तडक कॉलनीतल्या अमिनाच्या घरी गेल्या.

"भाभी, माझ्या हाताला यशच नाय. तुम्ही निसारभाईंना काय करून घालता, तेवढं शिकवा."

"मी काय शिकवू, ताई? तुपाचा हात सैल सोडलाय, तरी हे वाळतच चाललेत."

"तूप? आणि डबा?"

"चाटूनपुसून येतो."

"आमचाही."

सिंधुबाई सावकाश म्हणाल्या, "ह्यांच्या शर्टाला गरम मसाल्याचा वास येतो. मला वाटलं, कँटीनचा असंल."

"आणि हे परवा झोपेत म्हणाले, आज मीठ कमी आहे. माझ्या हातचं मीठ कधी कमी नसतं!"

मग सिंधुबाईंनी पंपाची, क्षाराची सगळी गोष्ट सांगितली. अमिनाने पदराने तोंड पुसलं. "या अल्लाह, दुसऱ्याच्या माणसाला मारत होते की मी. आणि आमचे हे, मला एक शब्द बोलले नाहीत!"

"बोलायचं काय त्यात? आपणही नाय बोलायचं."

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत डब्यांची नेहमीची अदलाबदल झाली. कारभाऱ्यांनी झाकण उघडलं. दुधी. निसारभाईंनी उघडलं. दुधी.

"चुकून झालं असंल," कारभारी म्हणाले.

निसारभाईंनी दोन्ही दुधी नीट निरखले. "कारभारी, फोडीसुद्धा एकाच मापाच्या आहेत. आता गुपचूप जेवा."

कारभारी जेवले. जिना चढताना त्या दिवशीही थांबले, पण मोबाईल काढला नाही. सरळ म्हणाले, "निसारभाई, दम लागतोय. सोनोग्राफीला सोबत येता का?"

"येतो की. तिथं अदलाबदल चालायची नाय पण."

त्याच वेळी कॉलनीत अमिनाच्या स्वयंपाकघरात मटणाचं पातेलं उतरलं होतं. वर्षानुवर्षांचा सैल हात एका सोमवारात कसा आवळणार, आणि केलेलं टाकून कसं देणार? तिच्याकडे जेवायला बसलेल्या सिंधुबाईंनी भाकरी कुस्करली.

"भाभी, वरचा तवंग जरा अजून वाढा."

सिंधुबाईंनी स्वतःचं कोलेस्टेरॉल अजून एकदाही तपासलेलं नाही.