सार वारलं

दुपारी एक वाजता रंगोजीरावमामांचा फोन आला. खालच्या आवाजात ते एवढंच म्हणाले, "वारलं."

बोगादीच्या वृद्धाश्रमातून असा फोन आल्यावर कुणीही वाईटच धरून चालेल. मी घाबरत विचारलं, "कोण, मामा?"

"सार. ताटात पडायच्या आधीच गेलं, नोडु." मामांच्या तोंडी कानडी 'नोडु', म्हणजे 'बघ', सारखं असायचं.

मामा मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात बॉयलरवर होते. मामी गेल्यावर ते आपणहून आश्रमात राहायला गेले. तिथं स्वयंपाकघर मागच्या अंगणात, खोल्या आणि जेवायची जागा माडीवर. गौरम्मानं रांधलेलं वर पोचेपर्यंत पार निवायचं. बाकीचे मुकाट्यानं जेवत. मामा मात्र आधी करंगळी सारात बुडवत, डोळे मिटत आणि निकाल देत: "वारलं." फारच बरा दिवस असला तर, "थोडी धुगधुगी आहे." हीच करंगळी शेजाऱ्याच्या वाटीतही जायची, म्हणून त्यांच्या शेजारी कोणी बसेना.

मॅनेजरना त्यांनी अर्जांवर अर्ज दिले. ते एकदा वैतागून म्हणाले, "राव, ह्या वयात गरम खाऊन काय करायचंय?"

"ह्या वयात दुसरं काय करायचंय?" मामांनी विचारलं.

शेवटी एका रविवारी मामांनी आपली खुर्ची खाली न्यायला लावली आणि स्वयंपाकघराच्या पडवीत मांडली. दुसऱ्या दिवशी आणखी दोघं काठ्या टेकत उतरले, मग चौघं. आठवड्याभरात मॅनेजरनीच टेबलं खाली आणवली.

त्यानंतर मी भेटायला गेले, तेव्हा पडवीत पंगत बसली होती आणि सार वाफाळत होतं. मामा मात्र उभे होते. रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून ते गौरम्माला सांगत होते, "कूतुको. आज तू बस."

"बेडा अय्या, नको," ती संकोचून मागं सरली, "माझं मागाहून."

मामांनी ऐकलं नाही. तिला बसवलं, तिच्या ताटात भात वाढला, वर सार ओतलं.

मी म्हटलं, "मामा, तुमचं ताट निवतंय."

"निवू दे." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझी मामी मला जन्मभर चुलीवरचं गरम वाढायची आणि आपण शेवटी बसायची. निवलेलं कसं लागतं, ते मला इथं आल्यावर कळलं."

गौरम्मानं पहिला घास घेतला.

"गरम आहे ना?" मामांनी विचारलं, आणि ती मान हलवेपर्यंत पळी हातात धरून ते तिथंच थांबले.