सासू-सुनेचा सहसंयुज बंध

अणू एकमेकांना कसे चिकटतात, हे मला कुणी शिकवायची गरज नाही! रसायनशास्त्राची पदवी आहे माझी, तीही प्रथम श्रेणीतली. लेक लहान म्हणून घरी बसले, एवढंच. आता शेजारच्या गल्लीतल्या शाळेनं बोलावलं होतं. नववीला एक तास शिकवून दाखवा, आवडला तर नोकरी. विषय, रासायनिक बंध. म्हटलं, नोकरी खिशात!

तासाला न्यायला मी सकाळी पाण्याचा रेणू करायला घेतला. मोठा लाल चेंडू म्हणजे ऑक्सिजन, दोन छोटे पांढरे म्हणजे हायड्रोजन. जोडायला क्षणात चिकटणारा गोंद. लेकीला ताकीद दिली, नवऱ्याला दिली, सासूबाईंना तर दोनदा दिली. "आई, तिला टेबलाजवळ येऊ देऊ नका हं!"

"अगं, तुझ्या नवऱ्याला मीच वाढवलंय. अख्खा आहे अजून."

तेवढ्यात टेबलाच्या कडेवर इवली बोटं उगवली. मी झडप घातली. सासूबाईंनीही घातली. लेक मासोळीसारखी निसटली, घाबरून माझ्या हातातली ट्यूब पिळली गेली, आणि माझी उजवी तर्जनी सासूबाईंच्या डाव्या अंगठ्याला जी बसली, ती बसलीच!

"सोड की गं."

"आई, मी धरलेलंच नाही!"

नवरा धावत आला. "नेलपॉलिश काढायचं ते लाव ना!"

"ते फेकलं मी. लेकीच्या हाती लागलं असतं तर?"

"मग तेल?"

तेल कपाटात. कपाटाला मुलांना उघडता येऊ नये अशी कडी, हौसेनं मीच बसवलेली. ती नवऱ्याला आजवर उघडता आलेली नाही. उघडते मला, पण दोन्ही हात लागतात! मग एक हात माझा, एक सासूबाईंचा. मी दाबलं तेव्हा त्यांनीही दाबलं, मी ओढलं तेव्हा त्यांनी दम खाल्ला. शेवटी साबणाच्या पाण्यात हात बुडवून बसलो. पाणी गार झालं, बोटं सुरकुतली, तासाची वेळ झाली, बंध ढिम्म!

"चल, येते मी पण," सासूबाई म्हणाल्या.

"अशा?"

"मग काय, अंगठा कापून देऊ?"

शाळेत मुख्याध्यापिकांनी चष्म्यावरून पाहिलं. "या कोण?"

"सासूबाई."

"नोकरीला पालक आणायची पद्धत नाही आमच्याकडे."

जुळलेले हात दाखवले. मुख्याध्यापिका मागच्या बाकावर जाऊन बसल्या.

मी खडू उचलला की सासूबाईंचा हातही फळ्यावर चढायचा. अक्षरं अशी, जणू मुंग्यांची मारामारी! तरी नेटानं सांगितलं, "सोडियम एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन घेतो, आणि मग दोघं एकमेकांना धरून राहतात. तेच मीठ!"

एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, तुमच्या दोघींत दिलं कोणी?"

"मी!" आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

"मग घेतलं कोणी?"

दोघींनी फळ्याकडे पाहिलं.

घाईघाईनं मी सहसंयुज बंधावर उडी मारली. "यात कोणीच देत नाही. इलेक्ट्रॉनची जोडी दोघं मिळून वापरतात."

"म्हणजे आमची नात!" सासूबाई वर्गाला म्हणाल्या. "दिवसभर दोघींच्या मधे पळते. हिला वाटतं हिची, मला वाटतं माझी. तिच्यापायीच एकमेकींना सोडून जाता येत नाही बघा."

वर्गानं माना डोलावल्या. माझ्या सोडियमला कोणी डोलावली नव्हती!

मी लगेच पुढे सरसावले. "बरोबर! म्हणून हा बंध भक्कम असतो. सहजासहजी तुटत नाही!" आणि जुळलेले हात झोकात उंच केले.

टप्! साबणानं केलं की घामानं, देव जाणे, पण बोटं सुटली. वर्गानं बाकं वाजवली.

मुख्याध्यापिका उठून पुढे आल्या. "फार छान समजावलंत. सोमवारपासून याल?"

मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं. त्या सासूबाईंकडे बघत होत्या!

तर, नोकरी मलाच मिळाली. सासूबाई म्हणाल्या, "छे, मग नातीला कोण सांभाळणार?" म्हणून!