मला शेततळ्यातून बाहेर यायची घाई नव्हती

आमच्या गावात ज्याला ज्याला पोहता येतं, त्याच्या कमरेला कधी ना कधी माझ्या हातचा दोर होता. यात फुशारकी काही नाही, मोजून सांगते. दोन मास्तर, एक कंडक्टर, सरपंचबाईंची तिन्ही लेकरं आणि झेडपीला पडलेला एक उमेदवार. तो निवडणुकीत बुडाला, पाण्यात नाही. पाण्याची जबाबदारी माझी होती.

रीत अशी आहे. पाडवा झाला की आमच्या मळ्यातल्या विहिरीवर सात-आठ वर्षांची लेकरं येतात. पाठीला तेलाचा रिकामा कॅन बांधायचा, कमरेला दोर बांधायचा आणि द्यायचं ढकलून. दोराचं दुसरं टोक काठावर एकाच बाईच्या हातात. कधी ताणायचा, कधी सैल सोडायचा, हे तिनं ठरवायचं. पहिल्या दिवशी लेकराची आई नारळ आणते आणि त्या बाईच्या पाया पडते. एकवीस वर्षं सगळ्या माझ्याच पाया पडल्या. माझ्या सासूनं, दगडाबाईनं, तो दोर मला दिला होता. धाकट्या जावेला, कडूबाईला, दिला नव्हता. तेव्हापासून आम्हा दोघींचं भांडण आहे. अंगणातली मधली भिंत एक, पण बोलणं भिंतीला ऐकवूनच.

तर यंदा महाशिवरात्रीला माझं उजवं मनगट मोडलं. विहिरीत उडी मारताना मोडलं, असं गावात सांगतात. मी ते खोडलं नाही. खरं म्हणजे ओट्यावर शेजाऱ्याची कोंबडी चढली होती. कोंबडी उतरली तशी मीही उतरले. तिला काही झालं नाही.

परभणीच्या हाडाच्या डॉक्टरानं दीड महिना प्लास्टर घातलं. प्लास्टर असताना पाडवा आला आणि दोर कडूबाईच्या हातात गेला. प्लास्टर निघालं तेव्हा डॉक्टरानं एक रबरी चेंडू दिला आणि म्हणाला, "आजी, हा दिवसातून चार वेळा दाबायचा. तीन महिने वजन न्हाई, झटका न्हाई."

मी चेंडू नातीला दिला आणि विहिरीवर गेले.

तिथं बघते तर अकरा लेकरं पाण्यात, आणि कडूबाई काठावर बसून दोर असा धरलेला, जसं काही देवळात घंटेचा दोर धरलाय. माझी नात भक्ती तिच्याच दोरात.

"आजी," ती पाण्यातून म्हणाली, "मला पाच दिवसांत आलं."

माझ्याकडं आठ दिवस लागतात. मी विचारलं, "पाच दिवसांत कसं काय?"

"काकीआजी वरडत न्हाई."

हे ऐकून माझ्या मनगटात कळ आली. घरी येऊन मी मुलाला, भागवतला, सांगून टाकलं, "रविवारपासून दोर माझा."

"आई, हात धड न्हाई तुझा. लेकरू निसटलं तर?"

"मग काय करू? विहिरीत पाच फेरे मारून दाखवू?"

"दाखव," तो म्हणाला. तो हे कंटाळून म्हणाला होता. पण मी ते ओट्यावर बसलेल्या शेजारच्या माणिकरावांच्या समोर कबूल केलं, आणि माणिकरावांना सांगितलं की ते गावाला सांगितल्यासारखंच असतं. म्हणजे ठरलं. रविवारी पाच फेरे मारायचे आणि दोर घ्यायचा. नाही जमलं तर दोर कायमचा कडूबाईचा, आणि पुढची एकवीस वर्षं मी तिच्या पाया पडणाऱ्या बाया बघत बसायचं. मला आता बासष्ट लागलंय. एकवीस वर्षं बघत बसायला तरी कुठून आणू?

पाच फेऱ्यांची मला फिकीर नव्हती. तरी सराव केलेला बरा. विहिरीवर करावा तर कडूबाई बसलेली. म्हणून शुक्रवारी भर दुपारी, सगळे जेवून आडवे झाले तेव्हा, मी आमच्या शेततळ्यावर गेले.

शेततळं भागवतनं दोन वर्षांपूर्वी केलं. मोठा चौकोनी खड्डा, चारी बाजूंना उतार, आणि तळापासून काठापर्यंत जाड काळं प्लास्टिक अंथरलेलं. पाणी पुरुषभर खोल. भोवती तारेचं कुंपण. फाटकावर पाटी, 'आत उतरू नये'. पाटी मला वाचता येते. पण ती परक्या माणसासाठी होती.

मी लुगड्याचा काचा मारला, पाठीला पदराखाली एक कॅन बांधला, केवळ हाताला आराम म्हणून, आणि बसल्या बसल्या उतारावरून पाण्यात घसरले. पाणी झकास. एक फेरा मारला, दुसरा मारला. मनगट कुरकुरलं, मी दुर्लक्ष केलं. तिसऱ्या फेऱ्याला म्हटलं, पुरे आजच्या दिवसाला.

आणि काठाला आले.

शेततळ्याचं एक आहे. त्यात पोहता सगळ्यांना येतं. निघता कोणालाच येत नाही. प्लास्टिकवर शेवाळ धरलेलं. एक पाय ठेवला की दोन्ही पाय खाली. गुडघे टेकले, घसरले. कोपर टेकलं, घसरले. पालथी पडून नखं रोवली, आणि सावकाश, अगदी मानानं, परत पाण्यात गेले. चारी बाजू करून पाहिल्या. चारही बाजू एकाच कंपनीच्या होत्या.

शेततळ्यात म्हणूनच गाठी मारलेला एक दोर काठाच्या खुंटीला बांधून आत सोडलेला असतो. आमच्याही होता. एवढा चांगला दोर बिनकामाचा उन्हात सडतोय म्हणून मागच्या महिन्यात मीच तो सोडून आणायला लावला. आता तो म्हशीच्या गळ्यात आहे.

ओरडावं, तर शुक्रवारीच गावाला कळणार की चांगुणाबाईला निघता येत नाही. मग रविवारचे फेरे कसले आणि दोर कसला! मी ठरवलं, तरंगत राहायचं. काहीतरी सुचेल.

सुचायच्या आत कुंपणापाशी माणिकराव आले.

"चांगुणाबाई? पाण्यात काय करायलाव?"

"सराव."

"ह्या उन्हात?"

"पाण्यात ऊन नसतं."

त्यांना ते पटलं. ते बाभळीखाली बसले. "किती येळ झाला?"

"मोजला न्हाई. तासभर झाला असंल."

"काठाला बी न टेकता?"

"टेकून कोण पोहतं?"

यात एक शब्द खोटा नव्हता. काठाला टेकलेलं मला टिकतच नव्हतं. पण माणिकरावांनी मोबाईल काढला. त्यांच्या आवाजाला खरं तर मोबाईल लागत नाही. "अरे, चांगुणाबाई तासभर झाला पाण्यात हाय. मोडल्या हातानं. काठाला हात न्हाई लावला."

मोबाईलवर बोलून होईपर्यंत तासाचे दीड तास झाले होते.

दोन वाजता कुंपणापाशी तीस माणसं होती. अडीचला मोजणं मी सोडून दिलं. आता हात इतका दुखायला लागला की हलवणं बंद केलं. कॅन मला धरून होता, मांड्या आखडल्या म्हणून मी पाण्यातच पाय दुमडून घेतले आणि डोळे मिटले. गर्दी एकदम गप झाली.

"आसन घातलंय," कोणीतरी हळू आवाजात म्हणालं.

"पाण्यावर?"

"चूप. ध्यान लागलंय."

ध्यान नव्हतं, पायात गोळा आला होता. पण मी डोळे उघडले नाहीत. मध्ये एकदा, लोकांचं लक्ष सरपंचबाई धम्मशीलाताईंकडं होतं तेव्हा, मी गुपचूप काठावर चढायचा प्रयत्न केला. तीन पावलं गेले आणि पाठीवर सरळ खाली आले. लेकरांनी टाळ्या पिटल्या. "आजी घसरगुंडी खेळायली!" मग त्यांच्यासाठी मला ते आणखी एकदा करावं लागलं.

भागवत मोटारसायकल टाकून धावत आला. "आई, निघ आधी बाहीर."

"निघते. घाई काय हाय?"

"हाताला झटका लागंल."

"झटका बाहीर लागतो. पाण्यात काही लागत न्हाई."

सरपंचबाई त्याला म्हणाल्या, "भागवतभाऊ, त्यायचं ध्यान मोडू नका. तीन तास पुरे होऊ द्या. तालुक्याच्या पेपरवाल्याला फोन केलाय, तो गंगाखेडहून निघालाय."

गंगाखेडहून. म्हणजे अजून पाऊण तास. मी तोंडातल्या तोंडात त्या पेपरवाल्याच्या घराण्याचा उद्धार केला. मला थंडी वाजायला लागली होती. बोटांची मनुका झाली होती. गर्दीतल्या एका भल्या माणसाला वाटलं, बाईला चहा द्यावा. त्यानं घमेल्यात कप ठेवून घमेलं माझ्याकडं सोडलं. ते होडीसारखं डुलत आलं. मी डाव्या हातानं चहा प्याले. शंभर माणसं बघत होती, आणि मला चहा कसा पोचवावा हे त्यांना सुचलं. मला वर कसं घ्यावं हे एकालाही सुचलं नाही. का सुचावं? निघायला मला काय झालं होतं!

सगळ्यात शेवटी कडूबाई आली. विहिरीवरून सरळ आलेली. खांद्यावर दोराची गुंडाळी, मागं अकरा लेकरं ओल्या अंगानं. ती फाटक उघडून आत आली आणि काठाला उकिडवी बसली. माझ्याकडं पाहिलं. माझ्या पाठीकडं पाहिलं, तिथं पदर फुगला होता. मग काठाच्या रिकाम्या खुंटीकडं पाहिलं.

"आक्का," ती माझ्यापुरतं म्हणाली. एकवीस वर्षांत भिंतीला न ऐकवता बोललेला तिचा पहिला शब्द. "पाय ठरत न्हाईत ना?"

"तुला काय करायचंय?"

"इथला दोर कुठाय?"

मी चहाचं घमेलं बाजूला सारलं. मग म्हणाले, "म्हशीला."

ती हसली नाही. हसली असती तर फार बरं झालं असतं. मी आयुष्यभर पुरवून वापरलं असतं. मी दात वाजू नयेत म्हणून जबडा आवळला होता, तेही तिनं पाहिलं.

ती उठली आणि लोकांकडं वळली. "सगळे हायेत तर बरंच झालं. दोर आक्काचा हाय. माझ्याकडं नुसता ठेवायला होता. आज त्यायचा त्यायला देते. आमच्या घरात दोर पाण्यातच द्यायची रीत हाय."

अशी काही रीत आमच्या घरात नाही. मला सासूनं दोर चुलीपाशी दिला, तोही अंगावर फेकून आणि माझ्या माहेराला दोन शिव्या देऊन. पण लोकांना रीत म्हटलं की पटतं. माणिकराव तर म्हणाले, "हो हो, जुनी रीत हाय, आमचे वडील सांगायचे." सरपंचबाईंनी नारळ मागवला.

कडूबाईनं दोर टाकला. बरोबर माझ्या पुढ्यात पडला, पुढं नाही की मागं नाही. मी तो कमरेला बांधला. शेकडो लेकरांना बांधला, स्वतःला पहिल्यांदा. उजव्या हातात जोर नव्हता, डाव्या हातानं आणि दातानं गाठ मारली.

"आता रीतीपरमाणं," कडूबाई म्हणाली, "जी लेकरं यंदा शिकली त्यायनी ओढायचं."

अकरा लेकरं दोराला लागली. पुढं कडूबाई. "सावकास," ती म्हणाली, "झटका न्हाई द्यायचा. आक्का, अंग सैल सोडा."

मी अंग सैल सोडलं. एकवीस वर्षं मी लेकरांना हेच ओरडून सांगत होते. ओरडून सांगितल्यावर अंग सैल सुटत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मी त्या प्लास्टिकवरून युरियाच्या पोत्यासारखी वर आले. अर्ध्यात पाठीवरची गाठ सुटली आणि कॅन गडगडत पाण्यात गेला. सगळ्यांनी पाहिला. पामतेलाचा होता, पिवळा.

"हे काय?" सरपंचबाईंनी विचारलं.

"ते?" कडूबाई मागं न बघता म्हणाली. "पाणी मोजायला भागवतनं सोडलंय."

भागवतनं तोंड उघडलं. तिनं त्याच्याकडं पाहिलं. त्यानं तोंड मिटलं.

नारळ फुटला, शाल आली. पेपरवाला पोचला आणि त्यानं फोटो काढला. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की जिल्ह्यातल्या एका आजीनं मोडलेल्या हातानं तीन तास जलध्यान केलं. फोटोत कडूबाई दिसत नाही. शालीच्या मागं तिनं मला बगलेत धरलं होतं, कारण पाय चालत नव्हते.

रविवारचे पाच फेरे कोणी मागितलेच नाहीत. दोर माझ्याकडं आला. मनगट भाकरीसारखं फुगलं होतं, डॉक्टरानं आणखी सहा आठवडे सांगितले आणि चेंडूचं काय झालं ते विचारलं. तरी मी रोज विहिरीवर बसते आणि दोर डाव्या हातानं धरते. बाया नारळ आणतात, माझ्या पाया पडतात. माझ्या मागं कडूबाई बसते. दोराचं शेपूट तिच्या पायाखाली असतं. ते समोरून दिसत नाही.

शेततळ्यात खरं काय झालं ते तिनं कोणाला सांगितलं नाही. मी आठ दिवस वाट पाहिली. आज सांगेल, उद्या सांगेल, मग मी भिंतीपाशी जाईन आणि माझ्या परीनं उत्तर देईन. सगळी उत्तरं तयार होती. तिनं सुनेला सांगितलं नाही, माहेरी सांगितलं नाही, दळणाच्या रांगेतसुद्धा नाही. आता अशा बाईशी भांडायचं कसं, तुम्हीच सांगा.

परवा तिनं वांग्याची भाजी पाठवली. मिठानं नुसती जहर. मी भाकरीसोबत सगळी खाल्ली, वाटी धुतली आणि भिंतीपाशी जाऊन म्हणाले, "भाजी बरी झाली होती."

पलीकडून कडूबाई म्हणाली, "आणखी देऊ का?"

आणि मी वाटी पुढं केली.