सरळ केलेलं घर

सकाळी दहाला चित्रकारबाईंनी डबा उघडला आणि त्यांचं डोकंच फिरलं. आत बारा नवेकोरे स्पंज होते. झिजलेले, कडा फाटलेले जुने सात गायब.

बाई कार्टून फिल्मची मागची दृश्यं रंगवत. घराच्या आकाराचा कागदी मास्क चिकटवायचा, भोवती स्पंजाने रंग टिपत जंगल उठवायचं. मास्क काढला की मधे कोरं घर उरतं. पानं उठत ती त्या फाटक्या कडांनीच. दिग्दर्शकाने आधीची दोन जंगलं ‘झोपाळू’ म्हणून परत पाठवली होती. तिसरं चारपर्यंत पसंत पडलं नाही, तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं.

बाईंचे यजमान पूल बांधण्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. जुनी घाण आपणच सकाळी कचऱ्याच्या गाडीत टाकली, असं त्यांनी अभिमानाने सांगितलं. बाई दात-ओठ खात मास्ककडे वळल्या, तर वाकडं कापलेलं छप्पर काटकोनात उभं.

“घराला कात्री कोणी लावली?”

“तीन अंश कललं होतं. मी फक्त ओळंब्यात आणलं.”

“अहो, ते सशाचं घर आहे.”

“ससा राहतो म्हणून काय पडकं बांधायचं?”

बाईंनी नवा मास्क कापला. रागाच्या भरात कात्री दणादण चालवली, त्यामुळे छप्पर आणखीच कललं. स्पंज त्यांनी नखांनी फाडले. तुकडे सारखे करण्याविषयी दारातून सल्ला आला, तेव्हा दार आपटलं. मग यजमानांनी उंचीप्रमाणे लावलेले ब्रश, आकाराप्रमाणे रचलेले रंगाचे डबे, असा तीस वर्षांचा सगळा संताप कागदावर बदाबद उतरला. चित्र त्यांनी पुन्हा न बघताच पाठवून दिलं.

संध्याकाळी दिग्दर्शकाचा फोन आला. “बाई, जंगल अंगावर येतंय. हेच हवं होतं. आणखी नऊ करा, याच हाताने.”

दुसऱ्या दिवशी बाई बसल्या, पण रात्री झोप छान लागली होती. राग औषधालाही उरला नव्हता. जंगल पुन्हा पेंगुळलं. दोन कागद फाडल्यावर त्यांनी नाइलाजाने हाक मारली.

“अहो, माझ्या सामानाला जरा हात लावा ना.”

“नाही. काल जेवताना शब्द दिलाय मी.”

“निदान हे छप्पर बघा. वाकडं आहे.”

यजमानांनी चष्मा लावला, बोटं शिवशिवली, पण हात मागे बांधले. “असू दे. अगदी छान आहे.”

तीस वर्षांत या माणसाला घरातली एक वस्तू आहे तशी छान वाटली नव्हती. आणि आज, नेमकी गरज असताना, वाटावी? बाईंची कानशिलं तापली. स्पंज दणकन कागदावर आदळला आणि पानं ताठ उठली.

“हेही छान,” ते मवाळपणे म्हणाले आणि जायला वळले.

“कुठे निघालात?” बाई कडाडल्या. “नऊ होईपर्यंत इथेच उभं राहायचं. आणि छान म्हणत राहायचं.”