होडीत गाडी घालू नका

"थांबा! थांबा म्हणतो ना! बायका बसल्यायत तिथं!"

मी करकचून ब्रेक दाबला. शारजाच्या हद्दीलगत, अल कुसैसमधल्या आमच्या बिल्डिंगच्या मागे वाळूचं मोकळं मैदान आहे. तिथे मी सात वर्षं गाडी लावत आलोय. सकाळी काढतो, संध्याकाळी लावतो, मधल्या वेळात पोटासाठी एसीच्या डक्टची ड्रॉइंग्ज काढतो. इतकं निरुपद्रवी आयुष्य. मी खिडकीतून मान बाहेर काढली. बायका नव्हत्या. पुरुष नव्हते. मांजरसुद्धा नव्हतं. वाळूवर चुन्याच्या फक्कीने काढलेली एक लांबोडकी आकृती होती, आणि तिच्या टोकाशी दोन्ही हात पसरून विश्राम तांडेल उभे होते.

"कुठायत बायका?"

"डाव्या फळीवर! चार! पाट्या घेऊन! उजवीकडे दोन सायकली आणि मास्तर. तुमचं पुढचं चाक मास्तरांच्या मांडीवर आहे, कुलकर्णी!"

मी गाडी मागे घेतली. आणि मी 'सॉरी' म्हणालो, याचा मला आजही संताप येतो. मास्तरांना म्हणालो.

विश्रामभाऊ आमच्या तळमजल्यावर पाच जणांबरोबर एका खोलीत राहतात. इलेक्ट्रिकल फोरमन. त्याआधी अकरा वर्षं रुवैसला, रिफायनरीच्या कुंपणालगत. वय पन्नाशीचं, उंची बेताची, आवाज मात्र सहा माणसांना वाटून दिला तरी उरेल असा. ते 'गुड मॉर्निंग' म्हणाले की शारजातली कबुतरं उडतात. खोटं वाटत असेल तर या एकदा सकाळी.

मालवणच्या बाजूला, त्यांच्या गावच्या खाडीवर, त्यांच्या वडिलांची तर आहे. तर म्हणजे या धक्क्यावरची माणसं त्या धक्क्यावर नेणारी होडी. तिला विजेची मोटर बसवून ती उन्हावर चालवायची असं विश्रामभाऊंनी ठरवलं होतं, आणि कुठली सोलर पॅनेलं घ्यायची ते येत्या सुटीच्या आत नक्की व्हायला हवं होतं. कारण वडिलांनी फोनवर सांगून टाकलं होतं की होडीत आता कोणी बसत नाही, सगळे पुलावरून रिक्षाने जातात, तू आलास की विकून मोकळे होऊ. म्हणून विश्रामभाऊंनी अठ्ठावीस फुटी होडी मापात माझ्या पार्किंगमध्ये उतरवली. गाव एवढं मोठं, अमिराती सात, आणि होडी नेमकी माझ्या जागेत! होडी आणि भिंत यांच्यामधल्या फटीत मी गाडी कशीबशी घुसवायचो आणि पोट आत ओढून बाहेर पडायचो.

पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सावली पडली तरी सगळ्या ओळीची वीज बसते, हे त्यांना कुठेतरी कळलं होतं. तेव्हापासून सावली त्यांची वैरीण. मशिदीजवळच्या खजुराशी त्यांचं भांडण मी स्वतः ऐकलंय. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला केक कापायच्या ऐन वेळी ते मेणबत्तीकडे रोखून बघत गरजले, "सावली खंय पडता, तां बोल!"

मुलगी म्हणाली, "अंकल, इट्स अ केक."

मी ड्रॉइंग्ज काढतो या गुन्ह्याबद्दल मला त्यांनी पॅनेलच्या दुकानात ओढून नेलं. दुकानदार पेशावरचा, भला माणूस. त्याने चहा मागवला आणि विचारलं, "कितना घंटा चलाना है, भाईजान? टेन्शन नहीं. इधर बारा महिना धूप है."

"इधर का धूप मेरे को मांगताच नहीं!" विश्रामभाऊ कडाडले. "इधर के धूप पे तो मेरा चप्पल भी चलेगा! मेरे गाव के धूप का बात करो!"

"धूप तो धूप है, हबीबी."

चहा तसाच राहिला. "बघा! बघा, कुलकर्णी! आमचं ऊन ढगातून येतं, माडातून येतं, निम्मं तर वाटेत फणसच खातो! आणि हा म्हणतो धूप तो धूप है!"

दुकानदाराच्या डोळ्यांत मला पाणी दिसलं. त्याने आम्हाला वाटेला लावण्यासाठी दोन पॅनेलं नमुन्याला दिली. एक काचेचं, जाडजूड. दुसरं पातळ, पत्त्यासारखं वाकणारं. काचेचं वीस वर्षं टिकणार, पण छपरावर चढवलं की होडी डोलणार. पातळ हलकं, पण उन्हात लवकर म्हातारं होणार. झालं, सगळ्या बिल्डिंगच्या झोपेचं खोबरं करायला एवढं पुरेसं होतं.

कोकणचं ऊन तयार करण्यासाठी त्यांनी माझ्या बायकोची नवी कोरी चादर पॅनेलवर धरली. एकेरी धरून म्हणाले, "हा आमचा फेब्रुवारी." दुहेरी घडी घालून म्हणाले, "आता मे संपत आला." ती चादर अजून परत आलेली नाही. मग वडिलांची सावली. वडील सुकाणू धरून मागे उभे राहतात, त्यांची सावली छपरावर कितपत येते ते बघायचं होतं. वडील पाच फूट दोन इंच, आणि हाताशी होता आमचा वॉचमन रहीमखान, सव्वासहा फूट. विश्रामभाऊ अडले नाहीत. त्यांनी वाळूत फूटभर खोल खड्डा खणला आणि रहीमखानला त्यात उभा केला. तीन दिवस त्या बिल्डिंगचा पहारा गुडघ्याच्या खालून सुरू होत होता.

शेवटी मी फुटलो. म्हटलं, "विश्रामभाऊ, आयुष्यभर तुम्ही तेलावर जेवलात. होडीला डिझेलचं इंजिन आहे, ते चालतंय. मग हा तमाशा कशाला? सगळ्यांना का छळताय?"

मला वाटलं, आता बिल्डिंगच्या काचा जाणार. पण ते खाली बघून आत गेले. दुसऱ्या दिवशी पाहतो तर होडी दोन फुटांनी रुंद झालेली. माझ्या बाजूने. त्या दिवसापासून मी गाडी दोन बिल्डिंगा पलीकडे लावू लागलो, आणि ऑगस्टच्या त्या उन्हातून चालत घरी पोचेपर्यंत माझा निम्मा भाग रस्त्यावरच राहायचा.

तरीही एका शनिवारी संध्याकाळी वजनाच्या चाचणीसाठी त्यांनी आम्हाला होडीत बसवलंच. मी मास्तरांच्या जागी. माझी बायको डाव्या फळीवर, पाटी म्हणून बादली घेऊन. त्यांच्या खोलीतले तिघे सायकली आणि उतारू वाटून घेऊन. रहीमखान खड्ड्यात. काचेचं पॅनेल डोक्यावर धरून विश्रामभाऊ आम्हाला "डोला! डोला!" म्हणून दटावत होते, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी पॅनेल माझ्या डोक्यावर दिलं आणि फोन हातभर लांब धरला.

"बाबानू! मी विश्राम! बोला! माका आयकाक येता!"

पलीकडून एक बारीक, खडीसाखरेसारखा आवाज आला. 'कसा आहेस' नाही, 'जेवलास का' नाही. सरळ गोष्टच सुरू. "तुका सांगतंय, त्या वर्साक वऱ्हाड घेवन मी मधी खाडयेत. आणि नवरो एकदम उभो रवलो. होडी डुलाक लागली. बायल माणसां आराडली. आणि नवरो माका म्हणता कसो..."

भडभडभडभडभडभड!

कोणीतरी उतारू आला असावा. म्हाताऱ्याने इंजिन चालू केलं होतं. गोष्ट चालू असणार, कारण भडभडीच्या आत कुठेतरी तो आवाज वरखाली होत होता, पण एक अक्षर कळेना. आम्ही सगळे फोनकडे बघत तसेच बसलो. एक शब्दही न समजलेल्या रहीमखानने खड्ड्यातून विचारलं, "फिर? आगे क्या हुआ?"

"पता नहीं," विश्रामभाऊ म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, मी त्यांच्याकडून कधी ऐकला नव्हता इतक्या खालच्या आवाजात म्हणाले, "ते इंजिन मीच पाठवलं, कुलकर्णी. रुवैसच्या पहिल्या ओव्हरटाइममधून. वल्हवून बाबांचे खांदे गेले होते. तोवर पूल होऊनसुद्धा लोक होडीत बसायचे, गोष्टीसाठी. इंजिन आलं, गोष्ट ऐकू येईना. हळूहळू लोक गेले. मग बाबांचे कान गेले. मी असा बोंबलतो तो त्यांच्याशी बोलून बोलून."

"मग इंजिन काढून टाका म्हणावं."

"मी पाठवलंय ना. कसं काढतील?"

माझ्या डोक्यावरचं पॅनेल एकाएकी फार जड लागायला लागलं. मी म्हणालो, "विश्रामभाऊ, पातळवालं घ्या. डोलायला नको. म्हातारं झालं तर होऊ दे, बदलू."

पातळ पॅनेलं कार्गोने गेली, पाठोपाठ विश्रामभाऊ सुटीवर. होडी वाळूत तशीच राहिली. त्या महिनाभरात मी गाडी होडीत घातली नाही. याला कोणी हळवेपणा म्हणेल, तर तसं काही नाही. फक्कीने टायर खराब होतात. रहीमखान इतरांच्या गाड्या हाकलत होता, ते त्याचं त्याने बघावं.

सुटी संपवून विश्रामभाऊ आले. हातात कोकमाची पिशवी, चेहरा उन्हाने रापलेला. मैदानात आले आणि पायाने चुन्याची रेघ पुसायला लागले. मी वरून धावत खाली गेलो.

"होडी चालली?"

"चालली."

"आवाज?"

"पाण्याचा."

"आणि सावली?"

"एका फणसाची पडते. बाबा ती चुकवून नेतात."

मला राहवेना. महिनाभर पोटात ठेवलेलं विचारून टाकलं, "आणि तो नवरा? उभा राहून म्हणाला तरी काय शेवटी?"

विश्रामभाऊंनी मास्तरांची जागा पायाने सारखी केली आणि म्हणाले, "त्या गोष्टीला शेवट नाहीय. पलीकडचा धक्का येईपर्यंत सांगायची असते."