बाईसाहेब अडकल्या!

घाटेकाका कुणाच्याही घरी आजारी माणसाला भेटायला जाताना नारळ नेतात आणि निघताना तोच नारळ पिशवीत घालून परत आणतात. नवीन माणूस गोंधळतो. समोर नारळ आला म्हणून कुणी हात पुढे करतं, कुणी पदर. काकांचं तिकडे लक्ष नसतं. ते थेट पलंगाकडे जातात, जमिनीवर उकिडवे बसतात आणि नारळ पलंगाच्या कठड्यात घालून बघतात.

दवाखान्यातल्यासारख्या पलंगाला बाजूने लोखंडी कठडा असतो. तो माणूस पडू नये म्हणून लावलेला. पण कठड्याच्या गजांत, किंवा कठडा आणि गादी यांच्यामधल्या फटीत, अधू माणसाचं डोकं शिरलं तर त्याला ते आपलं आपण काढता येत नाही. जीव जाऊ शकतो. काका म्हणतात, "पडलेला माणूस ओरडते तरी. अडकलेल्याला ओरडताही येत नाही जी!"

काका नागपूरचे. हवाई दलात विमानांच्या देखभालीत आयुष्य गेलं, शेवटची बदली चंदीगडला झाली आणि ते इथेच राहिले. काकू बरीच वर्षं आजारी होत्या, त्या जाऊन आता तीन वर्षं झाली. इतकी वर्षं पंजाबी कानावर पडूनही काकांचं "काहून" जागचं हललेलं नाही. विमान उडायच्या आधी तपासायचं असतं, नंतर नाही, हे त्यांच्या हाडात मुरलंय. फक्त आता विमानाच्या जागी पलंग आलेत. बोलावण्याची ते वाट बघत नाहीत. कुणाकडे नवा पलंग आला एवढं कळलं की पुरे.

डोक्याच्या जागी धरलेला हा नारळ सोललेला, घासून गुळगुळीत केलेला आणि लोकरीच्या मोज्यात घातलेला असतो. त्याला ते 'बाईसाहेब' म्हणतात. फटीत शिरला नाही तर समाधानाने, "बाईसाहेब नाही म्हणतात." रुतून बसला तर खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं, "बाईसाहेब अडकल्या!"

खालच्या मजल्यावरच्या सोधी आंटींनी एकदा सासऱ्यांच्या पलंगावर राहिलेला हा नारळ प्रसादाचा समजून फोडला. काका हात धुऊन आले तर आंटींनी त्यांच्याही हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. "लओ जी, तुसीं वी लओ." काकांनी भक्तिभावाने खाल्ला. मग रिकामा मोजा दिसला. दुसऱ्या दिवशी ते बाजारात फूटपट्टी घेऊन एकेक नारळ मोजत होते. भाजीवाला वैतागून म्हणाला, "अंकलजी, नारियल हिलाके देखते हैं, नापके नहीं!"

मला हे सगळं गमतीचं वाटायचं. मग मंदाताई आल्या.

मंदाताई म्हणजे माझ्या नवऱ्याची, अविनाशची, थोरली बहीण. जन्मतःच हातापायांवर ताबा कमी, मध्येच पाय झटके देतात, बोलणं अडखळत. डोकं मात्र आम्हा दोघांपेक्षा तल्लख. सासूबाई गेल्यावर सांगलीला त्यांचं बघणारं कुणी उरलं नाही, म्हणून त्यांना इकडे आणायचं ठरलं. मी लगेच यादी केली. व्हीलचेअर, बाथरूममध्ये आधाराचे दांडे, डॉक्टरांची वेळ आणि सगळ्यांत वर पलंग. इंडस्ट्रियल एरियातल्या शोरूममधून उंच, कठड्यांचा पलंग घेतला, वर हवेची गादी. दुकानदार म्हणाला, "मॅडमजी, एकदम हॉस्पिटलवाला माल! गिरने का सवालही नहीं." मी यादीत बरोबरची खूण केली.

काका आले. नारळ गजांमधून जाईना. "बाईसाहेब नाही म्हणतात." गादी आणि कठडा यांच्यातही जाईना. मी चहाचं आधण ठेवायला वळले.

"अविनाशराव, जरा कडेला येऊन झोपा बरं."

"मी?" अविनाश म्हणाला.

"रिकाम्या पलंगावर कोणी अडकते काय?"

अविनाश कडेला आडवा झाला. हवेची गादी त्याच्या वजनाने कडेला दबली, कठड्याशी फट उघडली आणि नारळ सर्रकन आत जाऊन बसला. ओढला तरी निघेना.

"बाईसाहेब अडकल्या!"

व्हीलचेअरवर बसलेल्या मंदाताई हसायला लागल्या. मी मात्र आधण सोडून पलंगाशी आले. सांगलीहून इतक्या लांब, सुरक्षित राहावं म्हणून आणलेलं माणूस! मी म्हटलं, "फटीत उशा कोंबू. रजई गुंडाळून लावू."

"कोंबून फट बुजत नाही वहिनी, फक्त दिसेनाशी होते." काका मंदाताईंकडे वळले. "ताई, रात्री उठायचं असते काय तुम्हाला?"

"बाथ... रूमला," मंदाताई म्हणाल्या. "सांगलीत... गादी... जमिनीवर. मी... सरकत जाते. एकटी."

"आणि इथं काय कराल?"

मंदाताईंनी कठड्याकडे बघितलं. "वरून... चढून."

अविनाशने कपाळाला हात लावला.

"आम्हाला सांगायचं ना ताई!" मी म्हटलं.

"तू... विचारलंस?" त्या म्हणाल्या. "तुझ्या यादीत... मी... कितव्या नंबरवर?"

काका एवढे खूश झाले की त्यांनी मंदाताईंना टाळी मागितली. मंदाताईंचा हात दोनदा हवेत चुकला, तिसऱ्यांदा बसला. काका तोवर हात तसाच धरून थांबले होते.

पलंग परत गेला. दुकानदाराशी काकांनीच बोलून घेतलं, कोणत्या भाषेत ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. इंडस्ट्रियल एरियातच ओळखीच्या सुताराकडून त्यांनी ठेंगणी खाट करून घेतली, जेमतेम वीतभर उंच, कडा गोल घासलेल्या, कठडा नाही. त्यावर डॉक्टरांना विचारून दाट फोमची गादी, खाली जाजम, भिंतीला धरायला दांडा, उशाशी घंटी. खाट लागली तेव्हा मी म्हटलं, "झालं, पास!"

"पहिली रात्र जाऊ द्या," काका म्हणाले. "पास मंदाताई करतील." आणि पोह्यांच्या गडबडीत नारळ आमच्याकडेच विसरून गेले.

दुसऱ्याची वस्तू घरात पडून राहिली की मला चैन पडत नाही. सकाळी मंदाताईंना चहा देऊन, त्यांनी काकांसाठी दिलेला निरोप घेऊन मी काकांकडे गेले. त्यांच्या घरी मी पहिल्यांदाच जात होते. दार उघडंच होतं.

"या, बसा. चहाच करून राहिलो," काका स्वयंपाकघरातून म्हणाले.

बसायच्या खोलीतून निजायची खोली दिसत होती. एक लाकडी पलंग, चादर अगदी सुरकुतीविना, कठडा नाही. पलंगाला लागून खाली जमिनीवर एक पातळ गादी. तिच्यावर काकांचा चष्मा आणि पांघरूण.

काका बाहेर आले. मी कुठे बघतेय ते त्यांनी बघितलं.

"तिला कठडा आवडे नाही. पिंजरा म्हणे. मग मीच खाली आडवा झालो. पडली तर माझ्यावर पडेल म्हटलं."

"पडल्या कधी?"

"एकदाही नाही जी. पण रात्री हात खाली सोडून माझं डोकं चाचपून पाहे. आहे ना जाग्यावर म्हणून." ते हसले. "सुरवातीला कठडे आणून पाहिले होते मी. मोजायला तिचं डोकं धरायला गेलो तर म्हणाली, नारळ घ्या ना, तुम्हाला दोन्हींत फरक कधी वाटला? मग नारळालाही बाईसाहेबच म्हणावं लागलं."

मी व्यवहारी बाई आहे. मला इतकंच सुचलं, "काका, आता वर झोपायला काय हरकत आहे? जमिनीवर थंडी लागते."

"सवय झाली," काका म्हणाले आणि त्यांनी नारळासाठी हात पुढे केला. "मंदाताई काय म्हणतात?"

"रात्री एकट्या बाथरूमला जाऊन आल्या. घंटी वाजवली नाही. निरोप दिलाय की पास."

काका नारळ घेऊन आत गेले. वाकून त्यांनी तो उशीवर ठेवला, गडगडू नये म्हणून मोजा नीट खोचला आणि हळूच म्हणाले,

"बाईसाहेब, ऐकलं ना? मंदाताई पास."

स्वयंपाकघरात चहा उतू जायला आला होता. मी आत जाऊन गॅस बारीक केला आणि काका बाहेर येईपर्यंत तिथेच उभी राहिले.