साळवेकाकांचा तात्पुरता तळ

इराकची लढाई सुरू झाली त्या दिवशी साळवेकाकांनी केचप सोडलं. मग कोक, जीन्स आणि मक्याच्या लाह्याही. लाह्या आपल्याकडेही होतात, असं मी हळूच म्हटलं, तर म्हणाले, "आल्झो, म्हणजे तिथूनच सुरुवात होते."

जर्मनीत, न्युरेम्बर्गमध्ये आमची दारं समोरासमोर. काका निवृत्त इंजिनियर, विधुर, बोलण्यात अधूनमधून जर्मन. मी नोकरीसाठी नवीन आलेली. माझी शाळा इंग्रजी, त्यामुळे मराठीत वाद घालायचा तर मला शब्द सुचेपर्यंत समोरचा जेवून झोपलेला असतो. काकांना असाच श्रोता हवा होता. जिन्यात गाठून ते सांगत, अमेरिका कुठेही उगाच घुसत नाही. आधी म्हणते, तुमच्या सुरक्षेसाठी आलोय. मग म्हणते, तात्पुरतं आहे. "महायुद्ध कधीच संपलं, पण इथून तासाभरावर त्यांचा लष्करी तळ आहेच ना अजून? गेनाऊ, अगदी तसंच."

मी मान हलवायची.

हे सांगता सांगता त्यांनी माझ्या दाराशी एक कुंडी ठेवली. मुलगी एकटी राहते हे कुणाला कळू नये म्हणून, म्हणजे माझ्या सुरक्षेसाठी. कुंडीला ऊन हवं म्हणून ती खिडकीकडे सरकली, आणि मोकळ्या जागी त्यांचं चपलांचं कपाट आलं. तात्पुरतं. तळघरातल्या माझ्या कप्प्यात त्यांचे युद्धविरोधी फलक राहायला आले. जिन्यात कपाट चालणार नाही, असं इमारतीची देखभाल बघणारा हाउसमाइस्टर म्हणाला, तेव्हा काकांनी त्याला सांगितलं की दोन्ही घरांची संमती आहे. माझी संमती आहे हे मलाही तेव्हाच कळलं.

काकांच्या मुलीने, रश्मीने, नेमकं त्या तळावरच्याच एका सैनिकाशी लग्न केलं. काका लग्नाला गेले, पण केक खाल्ला नाही. जावयाचं नाव काइल. काका त्याला साम्राज्य म्हणत. "काल साम्राज्याचा फोन होता. मी रिसीव्हर खाली ठेवला." आपटला नाही, नुसता ठेवला, हेही सांगत.

मग काइलला इराकला पाठवलं. रश्मीला दिवस गेले होते, म्हणून ती वडिलांकडे राहायला आली. सामानात काइलचे काळे लष्करी बूट होते. वाळवंटात दुसरे घालतात म्हणे. अमेरिकन बूट माझ्या घरात येणार नाहीत, असं काकांनी जाहीर केलं. ते माझ्या दाराशी आले.

आता मात्र बोलायचंच, असं मी ठरवलं. वाक्य आठवडाभर मनात घोकलं. शनिवारी दार उघडलं, तर काका नुकतेच मोर्च्याहून परतलेले. फलक भिंतीला टेकवलेला, आणि स्वतः पायरीवर बसून बुटांना पॉलिश करत होते.

"काका, हे माझ्या दारातून कधी काढणार?"

त्यांचा हात थांबला नाही. "सकाळी रेडिओवर सांगितलं, तिकडे एक गाडी उडाली. नावं सांगत नाहीत." ब्रश चालूच. "कातडं वाळलं की तडकतं. मग पायात जात नाही."

आतून रश्मीने विचारलं, कोण आहे. काका म्हणाले, कुणी नाही, समोरची.

मग खालच्या आवाजात मला म्हणाले, "काढतो. जावई परत आला की काढतो."

मी कुंडी जराशी सरकवली. पॉलिशची डबी ठेवायला जागा झाली.